‘डिस्कवर जागा शिल्लक नाही’ : दर तीन महिन्यांनी परतणारी तक्रार आणि डिरेक्टरींच्या नावांचा पूर्वेतिहास

सांगलीच्या गावभागातील एका वाचनालयाचे संगणक मी काही वर्षांपासून सांभाळतो. 2019 च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 57 फुटांवर गेले, त्यानंतर तेथील मुख्य संगणक कायमचा पहिल्या मजल्यावर नेण्यात आला. ग्रंथसूची, सभासदांच्या नोंदी, अभ्यासिकेतील पाच संगणकांची छपाई आणि जुन्या मासिकांच्या स्कॅन केलेल्या पानांचा साठा हे सर्व काम या एकाच संगणकावर चालते. त्यावर डेबियन 12 ही लिनक्स प्रकारची कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) बसवलेली आहे. डिस्कचे दोन भाग आहेत : मूळ पार्टिशन, ज्याला रूट म्हणतात, ते 28 जीबीचे आणि /होम हे सुमारे 430 जीबीचे.

तक्रार दर अडीच-तीन महिन्यांनी येत असे आणि तिचे रूप प्रत्येक वेळी सारखेच असे. सकाळी ग्रंथपाल पासवर्ड टाकत, पडदा क्षणभर काळा होई आणि पुन्हा पासवर्ड विचारणारा पडदा समोर येई. अभ्यासिकेतून पाठवलेली पाने प्रिंटरपर्यंत पोहोचत नसत. अक्षरी कन्सोल उघडून पाहिले, तर प्रत्येक आज्ञेमागे ‘डिस्कवर जागा शिल्लक नाही’ असा संदेश उमटलेला दिसे. मी जाऊन काही जागा मोकळी करी, काम सुरू होई, आणि तीन महिन्यांनी पुन्हा फोन येई. चौथ्या वेळी मी ठरवले की आता जागा मोकळी करून परतायचे नाही, जागा कोण खातो ते पाहूनच उठायचे. त्या शोधात माझ्या लक्षात आले की या बिघाडात आपली दिशा सर्वांत जास्त चुकते ती डिरेक्टरींच्या, म्हणजे फोल्डरांच्या, नावांमुळे. ही नावे पन्नास वर्षांपूर्वीच्या गरजांतून पडलेली आहेत, आणि आपण मात्र त्यांचा आजचा अर्थ लावून काय पुसायचे आणि काय ठेवायचे ते ठरवतो. म्हणून हा मजकूर दुरुस्तीसाठी असला, तरी त्यात नावांचा इतिहास बराच आला आहे.

आज्ञा आणि डिरेक्टरींची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती लहान इंग्रजी अक्षरांत टाइप करावीत; ‘200एम’मधील एम आणि ‘+एल1’मधील एल तेवढे मोठ्या अक्षरांत. आज्ञेआधी ‘सुडो’ असेल, तर ती प्रशासकाच्या अधिकाराने चालते.

पहिली चूक : यूएसआर म्हणजे ‘यूजर’

दुसऱ्यांदा बिघाड झाला तेव्हा मी गावाला गेलो होतो. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलाला संगणकाची चांगली जाण आहे, आणि प्रशासकाचा पासवर्ड ग्रंथपालांनी त्याला दिला होता. त्याने डिस्क पाहिली. /यूएसआर या डिरेक्टरीने 9 जीबी व्यापलेली त्याला दिसली, आणि त्यातील शेअर नावाच्या भागातून त्याने फॉन्टचा एक आख्खा फोल्डर काढून टाकला. मी परत आलो तेव्हा पडद्यावर मराठीचे एकही अक्षर उरले नव्हते. ग्रंथसूचीत पुस्तकाच्या नावाच्या जागी छोट्या चौकोनांची रांग, लेखकाच्या नावाच्या जागी तशीच रांग, आणि मध्ये फक्त इंग्रजी आकड्यांत दाखल क्रमांक. ‘काका, यूएसआर म्हणजे यूजरच की,’ तो म्हणाला, ‘जुन्या सभासदांचं काहीतरी असणार, म्हणून काढलं.’ लोहित आणि नोटो फॉन्टची पॅकेजेस, म्हणजे बसवण्यासाठी तयार असलेले फाइलींचे संच, पुन्हा बसवल्यावर अक्षरे परत आली आणि कोणतीही माहिती गेली नव्हती. त्या मुलाला मी दोष देत नाही, कारण नावाचा त्याने लावलेला अर्थ मुळात खरा होता. तो अर्थ जुना झाला आहे, एवढेच.

लिनक्स ज्या कार्यप्रणालीच्या धर्तीवर घडले त्या युनिक्सचा जन्म 1969 मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये पीडीपी-7 या यंत्रावर झाला. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची हे त्याचे मुख्य कर्ते. 1970 च्या उन्हाळ्यात त्यांना पीडीपी-11 हे नवे यंत्र मिळाले आणि त्याची डिस्क वर्षअखेरीस पोहोचली. या यंत्राची स्मृती 24 केबी आणि डिस्क 512 केबी होती. आमच्या वाचनालयातील जुन्या मासिकाचे एक पान नीट स्कॅन केले, तर ते त्या संपूर्ण डिस्कमध्ये मावणार नाही. अशा यंत्रावर 1971 मध्ये बेल लॅब्जच्या पेटंट विभागातील टंकलेखक पेटंटचे अर्ज तयार करू लागले, आणि बाहेरच्या कामासाठी युनिक्सचा झालेला हा पहिला उपयोग होता.

त्या काळात /यूएसआर ही खरोखरच वापरणाऱ्या माणसांची जागा होती. थॉम्पसन यांची कागदपत्रे /यूएसआर/केन येथे असत, रिची यांची /यूएसआर/डीएमआर येथे. मूळ यंत्रणा लहान आणि जलद डिस्कवर होती, आणि माणसांच्या फाइली दुसऱ्या, मोठ्या डिस्कवर. यंत्रणेतील कार्यक्रम (प्रोग्रॅम) वाढत गेले तशी पहिली डिस्क भरली. मग उरलेले कार्यक्रम जिथे जागा होती तिथे, माणसांच्या डिस्कवर ठेवले गेले, आणि तेथे पहिल्याच डिस्कवरची नावे पुन्हा वापरली गेली. अशा रीतीने कार्यक्रमांच्या /बिनच्या जोडीला /यूएसआर/बिन आणि त्यांना लागणाऱ्या लायब्ररींच्या /लिबच्या जोडीला /यूएसआर/लिब तयार झाले. पुढे कार्यक्रमांनी ती जागा व्यापून टाकली आणि माणसांची वस्ती अखेर /होममध्ये गेली. नाव मात्र पहिल्या रहिवाशांचेच राहिले.

आमच्या आजोळच्या वाड्यात माजघरामागे एक अंधारी खोली आहे, तिला आजही सगळे बाळंतिणीची खोली म्हणतात. गेली चाळीस वर्षे तेथे गव्हाची पिंपे आणि जुनी दप्तरे ठेवली जातात. वाड्यातल्या माणसाला हे ठाऊक असते आणि बाहेरून आलेला पाहुणा नावावरून भलताच समज करून घेतो. /यूएसआरच्या बाबतीत आपण सगळे पाहुणे आहोत. काही जण या तीन अक्षरांचा ‘युनिक्स सिस्टीम रिसोर्सेस’ असा विस्तार सांगतात आणि तो शिकवण्यांतूनही आढळतो, परंतु तो मागाहून जुळवलेला आहे. नावातले ‘ई’ हे अक्षर गळाले, कारण तेव्हा लोक टेलिटाइपवर काम करत, टेलिटाइप सेकंदाला 10 अक्षरे छापत असे, आणि प्रत्येक अक्षर वाचवण्याची सवय त्यांना लागली होती. पहिल्या युनिक्समध्ये फाइलीच्या नावाला 8 अक्षरांचीच मर्यादा होती.

दुरुस्तीच्या दृष्टीने यातून निघणारी गोष्ट सरळ आहे. /यूएसआरमध्ये पॅकेजे बसवताना जे येते तेच असते, आणि पॅकेज बसवल्याशिवाय किंवा अद्ययावत केल्याशिवाय ते सहसा वाढत नाही. त्यामुळे डिस्क आठवड्या-आठवड्याला भरत असेल, तर संशयितांच्या यादीत /यूएसआरला अगदी शेवटी ठेवावे, आणि तेथील काही कमी करायचेच असेल तर हाताने न पुसता पॅकेज व्यवस्थापकाकडून नको ती पॅकेजे काढावीत. डेबियनवर ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’ ही आज्ञा जुने कर्नल (कार्यप्रणालीचा गाभा) आणि निराधार झालेली पॅकेजे काढते, तेवढे पुरेसे असते.

आणखी एक सावधगिरी येथेच सांगतो, कारण त्याच मुलाने मला तिच्याविषयी विचारले होते. /बिन उघडल्यावर जे कार्यक्रम दिसतात, हुबेहूब तेच /यूएसआर/बिनमध्येही दिसतात, मग एक प्रत काढून टाकली तर काय बिघडेल? सगळेच बिघडेल. दोन डिस्कांच्या काळात ही वाटणी टिकवावी लागे, कारण दुसरी डिस्क जोडणारी आज्ञा त्याच दुसऱ्या डिस्कवर ठेवून चालणार नव्हते. आज आरंभीची जोडणी स्मृतीत उतरणारी छोटी फाइल-प्रणाली करून देते, म्हणून ती गरज संपली. फेडोरा 17 ने 2012 मध्ये दोन्ही जागा एक केल्या, आणि 2023 मधील डेबियन 12 तर एकत्रित रचनाच गृहीत धरते. आता /बिन हा /यूएसआर/बिनकडे नेणारा दुवा आहे. तेथे दुसरी प्रत नाही, त्यामुळे पुसून जागा वाचत नाही, आणि दुवा गेला तर पुढची आज्ञा चालवणारे शेलही सापडत नाही.

खरी वाढ कोठे होते

आता मोजमापाकडे येऊ. प्रथम ‘डीएफ -एच’ चालवावे. कोणते पार्टिशन किती भरले आहे ते यातून कळते. आमच्याकडे रूट 100 टक्के भरलेले आणि /होम 31 टक्के, असे चित्र होते. येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा : ईएक्सटी4 ही फाइल-प्रणाली साधारण 5 टक्के जागा प्रशासकासाठी राखून ठेवते, म्हणून 28 जीबीच्या पार्टिशनवर 26.6 जीबी वापरली गेली की सामान्य खात्यांसाठी ते भरलेले असते. पडद्यावरून प्रवेश मिळत नसतानाही कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 दाबून अक्षरी कन्सोलवर प्रशासकाला काम करता येते, ते या राखीव जागेमुळे. जागा दिसत असूनही संदेश येत असेल, तर ‘डीएफ -आय’ चालवून आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलीमागे लागणाऱ्या नोंदींच्या जागा, संपले आहेत का ते पाहावे.

त्यानंतर ‘सुडो डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=1 /’ चालवावे. कोणत्या डिरेक्टरीने किती जागा घेतली आहे ते यातून कळते. यातील ‘एक्स’ विसरू नये, कारण त्याच्यावाचून मोजणी इतर पार्टिशनांतही शिरते. काही लोक फाइल व्यवस्थापकात ‘सर्वांत मोठी फाइल’ शोधतात आणि /प्रॉकमधील केकोर नावाची सुमारे 128 टीबीची फाइल पाहून घाबरतात. ती डिस्कवर नाहीच. /प्रॉक हे नाव ‘प्रोसेस’वरून आले आहे. चालू असलेल्या प्रक्रिया फाइलींच्या रूपाने दाखवण्याची ही कल्पना बेल लॅब्जमधील टॉम किलियन यांनी आठव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये आणली आणि 1984 मध्ये ती मांडली. तेथे पुसण्यासारखे काही नसते.

मोजणीत बहुतेक वेळा /व्हार ही डिरेक्टरी वर येते आणि ती वर येणेच स्वाभाविक आहे, कारण तिचे नावच ‘व्हेरिएबल’, बदलणारे, या शब्दाचे तुकडे करून ठेवलेले आहे. मूळ युनिक्समध्ये ती नव्हती. छपाईची रांग तेव्हा /यूएसआर/स्पूलमध्ये असे आणि कामकाजाच्या नोंदी /यूएसआर/एडीएममध्ये. पुढे सन या संगणक बनवणाऱ्या कंपनीची स्वतःची डिस्क नसलेली यंत्रे आली. एकाच सर्व्हरवरची /यूएसआर अनेक यंत्रे नेटवर्कवरून वाचू लागली, आणि जी जागा सगळे वाचतात तेथे प्रत्येकाने लिहिणे परवडणारे नव्हते. म्हणून रोज बदलणारे सर्व काही बाहेर काढून /व्हार या नव्या जागी ठेवण्यात आले. 1988 मधील सनओएस 4.0 मध्ये ही वाटणी पक्की झालेली दिसते. लिनक्ससाठी डिरेक्टरींची प्रमाणित रचना सांगणारा पहिला दस्तऐवज 14 फेब्रुवारी 1994 रोजी आला, आणि त्याच परंपरेतील फाइलसिस्टीम हायरार्की स्टँडर्डची 3.0 ही आवृत्ती जून 2015 मध्ये निघाली. न बदलणारे /यूएसआरमध्ये आणि बदलणारे /व्हारमध्ये, ही वाटणी त्या सर्वांत कायम आहे. माझ्या मते डिस्क भरण्याच्या तक्रारीत एवढी एकच वाटणी मनात पक्की असली, तरी निम्मे काम झालेले असते.

/व्हारमध्ये आम्हाला पहिल्या वेळी सापडला तो छपाईचा साठा. /व्हार/स्पूल/कप्समध्ये 7 जीबीच्या फाइली होत्या. अभ्यासिकेतील मुले परीक्षांचे अर्ज, प्रवेशपत्रे आणि जुन्या प्रश्नपत्रिका छापतात, आणि छापून झालेल्या प्रत्येक कागदाची प्रत त्या रांगेत पडून होती. छपाई पाहणारी कप्स ही प्रणाली छापलेल्या फाइली एरवी एका दिवसाने काढून टाकते. आमच्याकडे तिच्या सेटिंगमध्ये ‘प्रिझर्व्हजॉबफाइल्स’पुढे ‘येस’ लिहिलेले होते, त्यामुळे काहीच जात नव्हते. तेथे 86400 हा आकडा, म्हणजे एका दिवसाचे सेकंद, लिहून कप्स पुन्हा सुरू केले. कोणाच्या अर्जाची किंवा ओळखपत्राची प्रत महिनोन्महिने सार्वजनिक संगणकावर पडून राहणे हे जागेच्या प्रश्नापेक्षाही गंभीर आहे, म्हणून आपल्या वाचनालयात किंवा कार्यालयात हे सेटिंग आजच तपासावे.

ते सेटिंग जेथे असते त्या /ईटीसीविषयीही सांगणे आवश्यक आहे. हे नाव ‘इत्यादी’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांचे संक्षिप्त रूप आहे. आरंभीच्या युनिक्समध्ये ज्यांना दुसरीकडे जागा नव्हती अशा गोष्टी तेथे ठेवत, त्यात सेटिंगच्या फाइलींबरोबर यंत्र सुरू करणारा इनिटसारखा कार्यक्रमही होता. पुढे कार्यक्रम निघून गेले आणि सेटिंग राहिले. आज खात्यांची यादी, डिस्कजोडणीची यादी, नेटवर्कचे पत्ते आणि प्रत्येक सेवेची आखणी तेथे असते. नावावरून किरकोळ वाटणारी ही जागा सर्वांत जपण्यासारखी आहे, आणि ती इतकी लहान असते की ती पुसून जागा मिळण्याचा प्रश्नच येत नाही. आमच्याकडे ती 14 एमबीची आहे. बदल करण्यापूर्वी मूळ फाइलीची प्रत /होममध्ये ठेवावी.

तिसऱ्या वेळी सिस्टीमडीच्या, म्हणजे संगणकावरील सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या, नोंदींनी जागा घेतली होती. ‘सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=200एम’ या आज्ञेने त्या 200 एमबीपर्यंत खाली आणता येतात, आणि /ईटीसीतील जर्नलडीच्या सेटिंगमध्ये ‘सिस्टीममॅक्सयूज’ला मर्यादा दिली की त्या पुन्हा वाढत नाहीत. मर्यादा न दिल्यास त्या पार्टिशनच्या 10 टक्क्यांपर्यंत, पण जास्तीत जास्त 4 जीबीपर्यंत जातात. ‘एपीटी क्लीन’ने उतरवून ठेवलेली पॅकेजे जातात.

हिशेब जुळत नाही तेव्हा

हे सर्व करूनही चौथ्यांदा फोन आला, आणि त्या वेळचा आकडा पाहून मी थबकलो. डीएफ म्हणत होते की 26.6 जीबी वापरली गेली आहे. डीयूने मोजलेल्या सर्व डिरेक्टरींची बेरीज मात्र 15.2 जीबी भरत होती. मधल्या 11.4 जीबीचा कोठेच पत्ता नव्हता. प्रशासकाच्या अधिकाराने मोजले होते, त्यामुळे परवानगीचा प्रश्न नव्हता.

अशा तफावतीचे नेहमीचे कारण म्हणजे पुसलेली पण अजून उघडी असलेली फाइल. एखादा कार्यक्रम नोंदींची फाइल उघडून बसला असेल आणि आपण ती पुसली, तर नाव जाते पण जागा तो कार्यक्रम थांबेपर्यंत सुटत नाही. ‘सुडो एलएसओएफ +एल1’ या आज्ञेने अशा फाइली दिसतात आणि संबंधित सेवा पुन्हा सुरू केली की जागा मोकळी होते. आमच्याकडे तसे काही निघाले नाही. संगणक रोज रात्री बंद होतो, त्यामुळे तसे निघण्याचा संभवही कमी होता.

उत्तर /एमएनटीमध्ये होते. ‘माउंट’ हा शब्द डिस्क आणि टेपा हाताने बसवण्याच्या काळातला आहे. 1974 मध्ये रिची आणि थॉम्पसन यांनी आपल्या यंत्राचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात 1 एमबीची एक कायम डिस्क, प्रत्येकी 2.5 एमबीच्या बदलता येणाऱ्या तबकड्यांचे चार ड्राइव्ह आणि 40 एमबीच्या बदलत्या डिस्कपॅकचा एक ड्राइव्ह आहे. तबकडी खरोखर उचलून ड्राइव्हमध्ये चढवावी लागे, आणि मग ती अमुक डिरेक्टरीवर चढली आहे असे यंत्रणेला सांगावे लागे. ‘वर चढणे’ हा अर्थ येथे शब्दशः घ्यावा. जिच्यावर डिस्क चढते ती डिरेक्टरी आधीपासून मूळ डिस्कवर असतेच. नवी डिस्क चढली की तिच्यातील मजकूर समोर येतो आणि खालच्या डिरेक्टरीतील मजकूर झाकला जातो. तो पुसला जात नाही, फक्त दिसेनासा होतो.

सांगलीशेजारी हरिपूरला हळद साठवण्याची पेवे होती, ती ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे लगेच कळेल. जमिनीत खोल खड्डा, आत हळद, तोंड बंद करून वर माती. वरून चालत जाणाऱ्याला पायाखाली किती माल आहे याची कल्पना येत नाही. आमच्या संगणकावर असेच एक पेव भरत होते.

बॅकअपची बाहेरची डिस्क /एमएनटी/बॅकअप या ठिकाणी जोडलेली आहे. रोज संध्याकाळी पावणेआठला एक स्क्रिप्ट ग्रंथसूचीचा सुमारे 600 एमबीचा बॅकअप तेथे लिहिते. त्या डिस्कची यूएसबी पिन स्कॅनरच्या पिनेशेजारीच आहे, आणि अधूनमधून कोणीतरी दिवसा ती काढून मोबाइल लावत असे. पिन निघाली की डिस्क सुटते आणि खालची रिकामी डिरेक्टरी उघडी पडते. स्क्रिप्टला हा फरक कळत नव्हता. तिला /एमएनटी/बॅकअप नावाची डिरेक्टरी मिळाली, तिच्यात लिहिण्याची परवानगी होती, तिने रूट पार्टिशनवरच 600 एमबी लिहून टाकले आणि काम यशस्वी झाल्याची नोंद केली. सकाळी पिन जागेवर असे, संगणक सुरू होताना डिस्क पुन्हा वर चढे आणि आदल्या संध्याकाळचा बॅकअप तिच्याखाली झाकला जाई. तीन महिन्यांत अशा 19 फाइली जमल्या होत्या.

त्या पाहण्यासाठी डिस्क सोडवावी लागत नाही. प्रशासकाच्या घरात तपास नावाची रिकामी डिरेक्टरी करावी आणि ‘सुडो माउंट --बाइंड / /रूट/तपास’ ही आज्ञा द्यावी. मूळ पार्टिशनचे, वर काहीही न चढवलेले रूप तेथे दिसते. त्यात एमएनटी/बॅकअप उघडल्यावर माझ्यासमोर तारखांसह ओळीने 19 फाइली आल्या. त्या तारखांचे बॅकअप बाहेरच्या डिस्कवर नव्हतेच, म्हणून पुसण्याआधी त्या मी /होममध्ये हलवल्या. ज्यांना असे काही सापडेल त्यांनीही आधी हलवावे आणि मग पुसावे. काम झाल्यावर ‘सुडो यूमाउंट /रूट/तपास’ देऊन ती जोडणी काढावी.

या आज्ञेत आलेला ‘रूट’ शब्द अनेकांना गोंधळात टाकतो, म्हणून थोडे विषयांतर करतो. एक रूट म्हणजे डिरेक्टरींच्या झाडाचे मूळ, जे नुसत्या तिरक्या रेघेने दाखवतात. दुसरे रूट हे सर्वाधिकारी खाते. तिसरे /रूट हे त्या खात्याचे घर. जुन्या युनिक्समध्ये त्या खात्याचे घर मुळाशीच, तिरक्या रेघेवरच असे. पुढे त्याला वेगळी डिरेक्टरी दिली गेली, आणि तीन वेगळ्या गोष्टी एका नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. कोणी फोनवर ‘रूट भरले आहे’ असे सांगितले, तर कोणते रूट ते विचारून घ्यावे.

कायमच्या बंदोबस्तासाठी दोन गोष्टी केल्या. पहिली स्क्रिप्टमध्ये : लिहिण्यापूर्वी ‘माउंटपॉइंट -क्यू /एमएनटी/बॅकअप’ तपासायचे, आणि डिस्क चढलेली नसेल तर थांबून ग्रंथपालांच्या पडद्यावर सूचना द्यायची. दुसरी डिरेक्टरीवर : डिस्क सोडवून, रिकाम्या /एमएनटी/बॅकअपला ‘सुडो सीएचएटीटीआर +आय’ हा गुणधर्म दिला. यानंतर डिस्क चढलेली नसताना त्या जागी प्रशासकालाही काही लिहिता येत नाही, आणि चढलेली असताना मात्र काहीच अडत नाही. दुसरा उपाय मला अधिक भरवशाचा वाटतो, कारण उद्या कोणी नवी स्क्रिप्ट लिहिली तरी तो लागू राहतो. /ईटीसीतील एफएसटॅब या डिस्कजोडणीच्या यादीत या डिस्कपुढे ‘नोफेल’ लिहिलेले आहे, ते मी तसेच ठेवले. ते काढले तर डिस्क नसलेल्या दिवशी संगणक सुरू होतानाच अडतो, आणि सकाळी आठ वाजता वाचनालय उघडणाऱ्या माणसाला ते परवडत नाही.

विंडोज वापरणाऱ्यांसाठी

अभ्यासिकेतील दोन संगणकांवर विंडोज आहे आणि तेथेही नावांचा हाच प्रकार दिसतो. सिस्टीम32 मध्ये आता 64 बिटचे घटक असतात आणि सिसवाव64 मध्ये 32 बिटचे. जुन्या कार्यक्रमांमध्ये पहिले नाव लिहून ठेवलेले असल्यामुळे ते बदलले गेले नाही. यांतील कोणताही फोल्डर ‘आपल्याला लागत नाही’ म्हणून काढू नये. ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ उघडत नाही आणि प्रवेश नाकारला जातो, तेव्हा तो व्हायरस नसतो. व्हिस्टापासून माणसांची जागा ‘यूजर्स’मध्ये गेली, आणि जुने नाव जुन्या कार्यक्रमांसाठी दुवा म्हणून उरले आहे. पहिली डिस्क सी का, असेही मुले विचारतात. ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपीसाठी होती, आणि फ्लॉपी या मुलांनी पाहिलेली नाही. 1981 च्या पहिल्या एमएस-डॉसमध्ये डिरेक्टरीच नव्हत्या. 1983 मध्ये 2.0 या आवृत्तीत त्या आल्या, तेव्हा सरळ तिरकी रेघ आज्ञांच्या पर्यायांसाठी वापरात असल्यामुळे वाटेसाठी (पाथ) उलटी रेघ घ्यावी लागली. लिनक्सवरून विंडोजवर वाट लिहिताना चुकणाऱ्या स्क्रिप्टचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

/टीएमपी या तात्पुरत्या फाइलींच्या जागेविषयी एक सूचना राहिली. डेबियन 12 मध्ये संगणक पुन्हा सुरू झाला की तेथील फाइली जातात. एका विद्यार्थ्याचा भरलेला अर्ज असाच गेला होता. पुन्हा सुरू केल्यावरही राहायला हव्यात अशा तात्पुरत्या फाइलींसाठी /व्हार/टीएमपी आहे, आणि अर्जासाठी /होम.

दुरुस्तीला आता सात महिने झाले. काल ग्रंथपालांनी फोनवर वाचून दाखवलेल्या आकड्यानुसार रूट पार्टिशन 56 टक्के भरलेले आहे. या काळात पिन 6 वेळा निघाली, सहाही वेळा पडद्यावर सूचना आली आणि डिस्क पुन्हा जोडून बॅकअप हाताने घेतला गेला. मोबाइलसाठी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वेगळा चार्जर बसवला आहे.